घरचा माग, घरचा सर्व्हर
(सोलापूर येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



सोलापूरच्या पूर्व भागात राहत्या घरातच माग चालविण्याची परंपरा जुनी आहे. मागाच्या माथ्यावरील जॅकार्डमध्ये छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि चादरीवर नक्षी उमटते. छिद्रांच्या पुठ्ठ्यांची हीच युक्ती एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राकरिता योजिली होती. तेव्हा घरात सर्व्हर चालविण्याचा विषय सोलापूरकरांना अगदीच परका वाटू नये.

सर्व्हर म्हणजे मागणी येताच पान पाठविणारा संगणक, एवढेच. १९९० मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला वेब सर्व्हर चालविला, तो टेबलावरील एका संगणकावर. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये, अशा अर्थाची चिठ्ठी त्यावर लाल शाईने लिहून चिकटविली होती. आपल्याकडील अडचण एवढीच, की विजेला चिठ्ठी वाचता येत नाही.

१९९८ मध्ये सुरू झालेल्या वारणेच्या प्रकल्पाने कोल्हापूर-सांगलीकडील ७० गावांत संगणक नेले. बाहेरची माहिती त्यामुळे गावात आली. गावाकडील माहिती बाहेर जावी, ही माझी इच्छा होती. दोन वर्षांपूर्वी काही शाळांच्या हस्तलिखित नियतकालिकांची छायाचित्रे मी काढली, वह्या परत केल्या आणि तळहाताएवढ्या संगणकावर ती पाने मांडली.

घरातील मोबाइलवर पान उघडे, बाहेरून मात्र काही केल्या उघडेना. यात दोन रविवार गेले. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणून अनेक कंपन्या पुष्कळ ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. वाड्याला एकच दार, आत बिऱ्हाडे अनेक. बिऱ्हाडकरू बाहेर जाऊ शकतो, परंतु बाहेरून आलेल्या पाहुण्याला खोली सापडत नाही. आपल्या राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर आपण अशा वाड्यातले समजावे. कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेणे, नव्या आयपीव्ही-६ पद्धतीचा पत्ता वापरणे, किंवा बाहेरील भाड्याच्या संगणकामार्फत वाट काढणे, हे उपाय आहेत. घरगुती जोडणीवर सर्व्हर चालविण्यास मनाई आहे काय, हे करारपत्रात आधी पाहावे.

वेगाचाही हिशेब करावा. जाहिरातीतला वेग बहुधा माहिती आत येण्याचा असतो. सर्व्हरला लागतो तो बाहेर जाण्याचा. तो सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर २ मेगाबाइटचे एक छायाचित्र सुमारे दीड सेकंदात जाते. वीस जणांनी एकदम मागितले, की प्रत्येकास अर्धा मिनिट थांबणे आले.

यंत्र जगापुढे उघडे होताच अनोळखी मंडळी पासवर्ड चाचपून पाहू लागतात. माझ्या नोंदवहीत पहिल्याच रात्री शेकडो प्रयत्न होते. म्हणून पंचायत सदस्यांना स्पष्ट सांगतो : लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, बँक खाती यांतले काहीही अशा यंत्रावर ठेवू नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाकरिता २०२३ चा कायदा आहे. परंतु कायदा नसता तरी कोणाच्या घरची कागदपत्रे आपण ओसरीवर पसरून ठेवली नसती.

आता माझ्या चुकीविषयी. गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी वीज चारपाच वेळा आली-गेली आणि यंत्रातील मेमरी कार्ड निकामी झाले. दुसरी प्रत मी केलेली नव्हती. मूळ वह्या शाळांत आहेत, या भरवशावर होतो. विचारणा केली तेव्हा कळले, की एका शाळेच्या वह्या आदल्या पावसाळ्यात भिजून लगदा झाल्या होत्या. मुलांनी काढलेली चित्रे, गावच्या विहिरीवर लिहिलेला एक निबंध, सारे गेले. त्या मुख्याध्यापकांना हे सांगताना मला शब्द सापडत नव्हते.

उरलेल्या शाळांच्या वह्यांची छायाचित्रे मी पुन्हा काढली. यंत्राला आता बॅटरी जोडली आहे. रोज रात्री एक प्रत घरातच दुसऱ्या डिस्कवर जाते, आणि महिन्यातून एकदा एक प्रत घेऊन मी पंढरपूरला बहिणीकडे ठेवून येतो.