आधी तू बोल

(दहावी १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावर बसलेले आपले सर आणि बाई, आणि समोर बसलेल्या, मला अजूनही बाकांवरच दिसणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘शाळेतली एखादी गमतीची आठवण सांग, दहा मिनिटं.’ आठवण सांगणार आहे, पण ती फारशी गमतीची नाही. दहा मिनिटांत बसेल असंही वाटत नाही. जेवणाला उशीर झाला तर माझ्यावर राग काढा.

जानेवारी १९९४. आपण नववीत होतो. आंतरवर्गीय वादविवाद स्पर्धा आठवते का? विषय होता, ‘दहशतवाद थांबल्याशिवाय शांततेची बोलणी नकोत.’ त्याआधी चारच महिने, १३ सप्टेंबर १९९३ला, वॉशिंग्टनमध्ये राबिन आणि अराफत यांनी हात मिळवले होते आणि तो फोटो सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर आला होता. सरांनी तोच धागा धरला होता. बाजू निवडायची मुभा नव्हती, चिठ्ठ्या काढल्या. मला अनुकूल बाजू आली. माझ्या बाजूने दुसरा बोलणारा म्हणजे पनवेलहून येणारा आपला मित्र. आणि प्रतिकूल बाजूला ती, तीही पनवेलचीच. नावं घेत नाही, इथे प्रत्येकाला ती ठाऊक आहेत.

आता गंमत बघा. अराफतशी बोलणी करावीत हे पटवायचं काम ज्यूंच्या घरातल्या मुलीकडे आलं आणि करू नयेत हे पटवायचं काम मुसलमानाच्या घरातल्या मुलाकडे. दोघं सरांकडे चिठ्ठी बदलून मागायला गेले. सर म्हणाले, ‘मिळणार नाही. दुसऱ्याच्या बाजूने एकदा तरी बोलून बघा.’

आज आपल्याबरोबर मुलंही आली आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. ती बेने इस्रायली. म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आमचा समाज वाढला, असं ते सांगतात. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी. पनवेलला १८४९ साली बांधलेलं त्यांचं बेथ एल सिनेगॉग आहे, तिथला तलावही इस्रायल तलाव म्हणूनच ओळखला जातो. तिच्या घरी मलिदा असला की एलियाहू हन्नबीच्या नावाने पोहे, खोबरं, खजूर आणि फळांचं ताट भरायचं आणि आमच्या वाट्याला त्यातलं भरपूर यायचं. तिची आजी नऊवारीत वावरायची, अस्सल कोकणी मराठीत रागवायची. मामा मात्र इस्रायलमध्ये, दिमोना नावाच्या गावात. तेवढ्यामुळे तो देश आमच्या वर्गात फक्त नकाशावरचा नव्हता.

स्पर्धेत मी म्हणाले, ‘शांततेची जबाबदारी ज्याच्या हातात बॉम्ब आहे त्याची. त्याने आधी तो खाली ठेवावा, मग बोलू.’ टाळ्या किती पडल्या! फिरता चषक मला मिळाला. आज विचार केला तर त्या टाळ्या माझ्या वक्तृत्वाला नव्हत्या. १२ मार्च १९९३ला वर्षही झालं नव्हतं. मुंबईत एका दुपारी ठिकठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसं गेली. माझे बाबा फोर्टला नोकरीला होते. ते मध्यरात्री घरी आले, थोडं चालत, थोडं ट्रकमधून, वाशीची खाडी ओलांडून. आई दारातच बसून होती. सभागृहातल्या निम्म्या घरांत त्या रात्री असंच कोणीतरी दारात बसलेलं होतं. त्यामुळे माझं वाक्य म्हणजे सगळ्यांच्या मनातलंच वाक्य होतं.

तिचा मुद्दा वेगळा होता. ती म्हणाली, ‘अशी अट घातली की बोलणी मोडायला एकच बॉम्ब पुरतो. मग शांतता हवी की नको हे ठरवणारा माणूस कोण? बॉम्ब टाकणारा.’ टाळ्या जेमतेम. परीक्षकांनी शेरा दिला, मुद्दा चांगला पण मांडणीत जोर नाही.

त्यानंतर महिनाभरातच, २५ फेब्रुवारीला, हेब्रॉनच्या मशिदीत बारूख गोल्डस्टाईन या ज्यू माणसाने नमाज पढणाऱ्या २९ पॅलेस्टिनींना गोळ्या घातल्या. ६ एप्रिलला हमासच्या माणसाने अफुलामध्ये बसपाशी स्फोट करून आठ जणांना मारलं. त्या वर्षीचं शांततेचं नोबेल राबिन, पेरेस आणि अराफत या तिघांना मिळालं आणि पुढच्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९९५ला, राबिन यांचा खून झाला. करणारा पॅलेस्टिनी नव्हता, इस्रायलीच होता, आणि बोलणी थांबावीत हाच त्याचा हेतू होता. म्हणजे जिला जेमतेम टाळ्या मिळाल्या तिचा मुद्दा दोन्हीकडच्या खुन्यांना आमच्या परीक्षकांपेक्षा चांगला कळला होता.

राबिन स्वतः म्हणत ते साधारण असं होतं, की दहशतवादाशी लढताना बोलणी चालू नाहीत असं समजून लढायचं आणि बोलणी करताना दहशतवाद नाही असं समजून करायची. एकासाठी दुसरं अडवून ठेवायचं नाही. आमच्या स्पर्धेच्या विषयात या बाजूला जागाच नव्हती.

दहावीनंतर ती आईवडिलांबरोबर तिकडे गेली. आता अश्दोदला असते. तिकडे मराठी मंडळी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत आली आहेत, त्यातली पानं ती आपल्या ग्रूपवर टाकायची. नोव्हेंबर २००८मध्ये नरिमन हाउसवर हल्ला झाला तेव्हा तिचा मला फोन आला. धर्मगुरू होल्त्झबर्ग आणि त्यांची पत्नी मारले गेले, त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला आया सँड्रा सॅम्युअल यांनी उचलून बाहेर आणलं. त्या रात्री ती ‘आपल्या मुंबईवर’ असं म्हणत होती. कुठली आपली, कुठली तुमची हे विचारायची गरज आम्हा दोघींनाही वाटली नाही.

मग आला ७ ऑक्टोबर २०२३. हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ जणांना ओलीस धरून नेलं. ती घरातल्या मजबूत भिंतींच्या खोलीतून, तिकडे तिला ‘ममाद’ म्हणतात, मेसेज करत होती. दोन दिवसांनी आपल्या ग्रूपवर कोणीतरी आपल्या त्या पनवेलच्या मित्राला लिहिलं, ‘तू गप्प का? आधी तू निषेध कर.’ त्यावर किती अंगठे उमटले ते मी परवा पुन्हा मोजले. अकरा. त्यातला एक माझा होता. तो त्याच रात्री ग्रूप सोडून गेला.

त्यानंतर गाझात जे झालं ते आपण रोज बघत होतो. तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे ६०,०००हून जास्त माणसं गेली, त्यात हजारो मुलं. आणि आपल्या ग्रूपवर? कोणी पडलेल्या इमारतींवर विनोद टाकले, कोणी तिला उद्देशून ‘आता तुझ्या देशाबद्दल बोल’ म्हणून मागे लागलं. मी काही लिहिलं नाही. एका रविवारी तीही निघून गेली, निरोप न घेता.

मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे रात्री यंत्रणा कोसळली की दुसऱ्या दिवशी बैठक होते आणि तिथला पहिला नियम असा, की ‘कोणी केलं’ विचारायचं नाही, ‘कसं झालं’ विचारायचं. मला हा नियम इतका आवडतो की मी तो घरीदारी लावत असते, नवरा वैतागतो. पण इथे तो मला पुरला नाही. कारण आमच्या नियमात गृहीत धरलेलं असतं, की मुद्दाम कोणी केलेलं नाही. बंदूक घेऊन गाण्याच्या जलशात शिरणारा माणूस मुद्दामच शिरलेला असतो. तिथे ‘कोणी’ विचारावंच लागतं. आणि आत कुटुंबं आहेत हे माहीत असताना जो इमारतीवर बॉम्ब टाकायचा हुकूम देतो, अन्नाच्या गाड्या अडवतो, त्यालाही ‘कोणी’ विचारावं लागतं. पण ‘कसं’ हा प्रश्न त्यामुळे संपत नाही. वर्षानुवर्षांचा ताबा, वेढा, निर्वासितांच्या छावण्यांत वाढलेल्या पिढ्या, हे सांगितलं की लगेच कोणीतरी म्हणतं, ‘म्हणजे तू समर्थन करतेस!’ कारण सांगणं आणि सूट देणं यांत फरक आहे, आणि तो बघायला आपल्याला जेरुसलेमपर्यंत जायची गरज नाही.

आपण आठवीत असताना मुंबईत दंगली झाल्या. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्यांतल्या मृतांचा आकडा ९०० आहे. स्फोटांमागे त्या दंगली हे एक कारण होतं, असंही आयोगाने नोंदवलं. म्हणून स्फोट करणारे सुटले का? टाडा न्यायालयाने शंभर जणांना दोषी ठरवलं. कारण शोधलं गेलं, शिक्षाही झाली, एकाने दुसरं पुसलं नाही. दंगलीतल्या गुन्हेगारांपैकी मात्र फारच थोड्यांना शिक्षा झाली. तो हिशेब अजून उघडाच आहे, आणि आपण मुंबईकर त्याबद्दल एकमेकांशी फार बोलत नाही.

आमची मूळ चूक अशी होती, की शांततेची जबाबदारी म्हणजे आम्हाला भावाभावांतली जमीन वाटायची. एकाच्या वाट्याला जास्त गेली की दुसऱ्याची कमी होणार. तसं नसतं. १९४९चे जिनिव्हा करार बघा. नि:शस्त्र माणसाला मारू नये हे बंधन प्रत्येक बाजूवर स्वतंत्र आहे, समोरच्याने मोडलं म्हणून आपण सुटत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने एकाच दिवशी नेतान्याहू, त्यांचे माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा मोहम्मद देइफ यांच्यावर वॉरंट काढली. इस्रायलला तो निर्णय मान्य नाही, वॉरंट म्हणजे निकालही नव्हे. पण एकाच दिवशी दोन्ही बाजूंना नावानिशी विचारलं गेलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. ‘आधी तू’ असं तिथे कोणी म्हटलं नाही.

मी मात्र त्यावर अंगठा दिला होता. २०२४च्या रमझानमध्ये धीर करून मी त्याला फोन लावला. माफी मागायची असं ठरवलं होतं, पण मी मुलांच्या शिक्षणाचं, गुडघेदुखीचं विचारत बसले. शेवटी तोच म्हणाला, ‘निषेध करायला माझी हरकत नव्हती गं. मी सकाळीच तिला वेगळा मेसेज केला होता, सुखरूप आहेस ना म्हणून. पण ग्रूपवर माझीच पाळी आधी का, एवढंच मला कळलं नाही. आठवीतही दंगलीनंतर सगळे मलाच विचारायचे, तुला काय वाटतं.’

आठवीत त्याला विचारणाऱ्यांत मी होते की नव्हते, मला आठवत नाही. नसेन, असं म्हणायला आवडेल.

तिला मी मेल लिहिली. तीन महिने उत्तर नाही. मग एक लांबलचक आवाजी निरोप आला, त्याच आजीच्या मराठीत. तिचा मुलगा राखीव सैन्यात आहे, त्याला बोलावणं आलं होतं. ती म्हणाली, ‘रात्री मला दोन प्रश्न झोपू देत नाहीत. तो परत येईल का, आणि तो तिकडे काय करत असेल. दुसरा प्रश्न मी इथे शेजारणीला विचारू शकत नाही. तुमच्या ग्रूपवर विचारला असता, पण तिथे तो मला फेकून मारला जात होता.’ आणि शेवटी हसून, ‘चषक अजून आहे का गं तुझ्याकडे? पंधरा मार्कांनी हरले होते मी.’

पंधरा नव्हे, सात. मी तसं कळवलं. तेव्हापासून आम्ही भांडतो आहोत, आठवड्यातून एकदा तरी. गाझावर आमचं एकमत नाही. वसाहतींवर थोडंफार आहे. ऑक्टोबरमध्ये युद्धबंदी झाली आणि उरलेले जिवंत ओलीस घरी आले, त्या दिवशी ती रडत होती. मी विचारलं, ‘आणि गाझातल्या आया?’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘त्यांचंही बघतेय मी टीव्हीवर. तू विचारायच्या आधीपासून.’ मला तो प्रश्न त्या क्षणी विचारायला नको होता, असं नंतर वाटलं. प्रश्न चुकीचा होता असं मात्र अजूनही वाटत नाही.

तो आज आला आहे. तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे डोळे वटारतो आहे, कारण त्याच्याबद्दल एवढं बोलणार हे मी त्याला सांगितलं होतं आणि त्याने ‘पाचच मिनिटं’ अशी अट घातली होती. ती येऊ शकली नाही. पण मेळावा शनिवारी न ठेवता मुद्दाम आज रविवारी ठेवला, तो तिचा शब्बाथ चुकवण्यासाठी. चार वाजता याच पडद्यावर तिला व्हिडिओ कॉल लावणार आहोत, तिकडे तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतील. चषकही आणला आहे, तिला दाखवायला. ज्यांना भांडायचं आहे त्यांनी जेवून थांबावं, तिचीही तयारी आहे. फक्त त्या अकरा अंगठ्यांपैकी जे आज इथे आहेत, त्यांनी त्याआधी तिसऱ्या रांगेत जाऊन यावं. मी आत्ता तिकडेच निघाले आहे.