सभेच्या रजिस्टरमधली सही



आज इतक्या वर्षांनी आपण नांदुऱ्यात एकत्र आलो. शाळेला काय भेट द्यावी, याची चर्चा सकाळपासून सुरू आहे. पंखे द्या, संगणक द्या, जरूर द्या. मला मात्र पालक म्हणून केलेल्या कामाबद्दल चार शब्द सांगायचे आहेत.

माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकत असताना मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर होते. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे, अनुदान कसे खर्च झाले ते पाहणे ही समितीची कामे. कागदावर पालकांच्या हाती एवढे अधिकार आहेत!

प्रत्यक्षात काय होते? सभा दुपारी ठेवली जाते. त्या वेळी आया निंदणाला किंवा कापूस वेचायला गेलेल्या असतात. सभेला यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. मग रजिस्टर घरोघरी फिरते, सह्या होतात, अंगठे उमटतात आणि सभा झाली असे धरले जाते. यात एकट्या गुरुजींना दोष देऊन चालणार नाही. त्यांच्यामागे वर्गाबरोबर माहिती भरण्याची, पोषण आहाराच्या नोंदींची कामे असतातच.

आम्ही एकच बदल केला. सभा बाजाराच्या दिवशी सकाळी ठेवली, कारण त्या दिवशी शेतातले काम बंद असते. पहिल्याच सभेत एका आईने विचारले, “पोरींच्या संडासले कुलूप काहून हाय?” पाणी नव्हते म्हणून कुलूप होते. मोठ्या मुली दुपारच्या सुटीत घरी जात आणि परत येत नसत. हजेरीपटावर ते दिसत नव्हते, कारण हजेरी सकाळीच होई. मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी असलेच पाहिजे, हे कायद्याच्या परिशिष्टातच आहे. ठराव झाला, त्याची प्रत ग्रामपंचायतीला दिली, पाठपुरावा केला. नळजोडणीला पाच महिने लागले. पण कुलूप निघाले आणि मुली दुपारनंतरही वर्गात दिसू लागल्या.

मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांची मुले आज इंग्रजी शाळांत आहेत. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे सरकारी शाळेच्या सभेत ठराव लिहू शकणारा, अर्ज करू शकणारा पालक कमी झाला. मागे राहिली ती मजुरी करणाऱ्यांची लेकरे. त्यांच्या आईबापांना प्रश्न पडतात, ते कागदावर मांडायला कोणीतरी सोबत लागते.

म्हणून माझी विनंती एवढीच. ज्यांची मुले अशा शाळेत आहेत, त्यांनी समितीवर जावे. बाकीच्यांनी आपल्या गावच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटावे, सभा कधी असते ते विचारावे आणि पालकांना अर्ज, ठराव लिहायला मदत करावी. बोलायचे पालकांनीच, आपण फक्त हाताशी राहायचे.

ज्या गुरुजनांनी आपल्याला नीट अर्ज लिहायला शिकवले, त्यांच्यासमोर हे बोलता आले, याचे समाधान आहे.