लायसनच्या परीक्षेला जाताना
(वर्गात केलेले भाषण)



आपल्या वर्गातले चौघेजण या महिन्यात लायसनच्या परीक्षेला बसणार आहेत. त्यांत दोघी बाया आहेत. परवा वर्ग सुटल्यावर त्यांतल्या एक बाई मागे थांबल्या. त्या मासळी विकतात. रोज पाटी घेऊन मिनीडोरची वाट बघत उभ्या असतात. आता त्यांनी स्कूटर घेतली आहे. म्हणाल्या, "गुरुजी, गाडी येते मला. पण साहेबासमोर चालवायची म्हटलं की पोटात गोळा येतो. काहीतरी सांगा."

मी सांगणार होतो, "घाबरू नका." शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मी गप्प बसलो. का गप्प बसलो, ते आज सांगतो.

मी छत्तीस वर्षे शाळेत होतो. परीक्षेच्या दिवशी पोरे पांढरीफटक होऊन बसत. मी हात मागे बांधून वर्गात फिरे आणि म्हणे, "घाबरता कशाला? सगळं येतं ना?" एक मुलगा होता. पाढे तोंडपाठ. तोंडी विचारले की खणखणीत उत्तर द्यायचा. पण कागद समोर आला की सगळे कोरे. मी त्याला म्हणायचो, "हुशार आहेस रे, मग घाबरतोस कशाला?" आता याला तो बिचारा काय उत्तर देणार? सातवीत दोनदा नापास झाला आणि शाळा सोडून गेला. मी मनात म्हटले, पोराने अभ्यास केला नाही, दुसरे काय!

मी निवृत्त झालो. मुलगा मुंबईला असतो. त्याची जुनी मारुती आमच्या अंगणात उभी होती. रात्री-अपरात्री कुणाला अलिबागला दवाखान्यात न्यायचे झाले, तर गाडी आहे आणि चालवणारा नाही, अशी गत. म्हटले, आपणच शिकू. पण शिकाऊ माणसाने एकट्याने गाडी चालवायची नसते. शेजारी लायसनवाला माणूस बसावा लागतो. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल रंगात इंग्रजी 'एल' लावावा लागतो. मग माझ्या शेजारी कोण बसायला आले? तोच. सातवीतून गेलेला. आता तो स्वतःचा टेम्पो चालवतो. बर्फ आणि मासळी नेतो.

परीक्षा दोन असतात. पहिली लर्निंगची. ती कागदाची म्हणा, आता संगणकावर असते. दुसरी पक्क्या लायसनची. ती मैदानात गाडी चालवून द्यायची. लर्निंग सहा महिने चालते. ते हाती आल्यावर तीस दिवस झाले की मगच पक्क्याच्या परीक्षेला जाता येते. आपल्या भागाचे परिवहन कार्यालय पेणला आहे. म्हणून आपल्या गाड्यांवर एम एच ०६ असते.

मी शाळामास्तर. लर्निंगची परीक्षा मला सोपी गेली. तुमचे उलट आहे, हे मला ठाऊक आहे. हात चालतो, पण अक्षरांची धास्ती वाटते. टेम्पो-रिक्षासारखी धंद्याची गाडी चालवायला पूर्वी आठवी पास असावे लागे. ती अट केंद्र सरकारने २०१९ साली काढून टाकली. तेव्हा "आम्ही शिकलेलो नाही, आम्हाला कोण लायसन देणार" हे आता म्हणायचे नाही. प्रश्न मराठीत मागता येतात. शंभरातले साठ बरोबर आले की पास. २०२१ पासून आधार कार्डावर घरी बसूनही ही परीक्षा देता येते. चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो, तेवढे लक्षात ठेवा.

या परीक्षेत निम्मे काम चित्रांचे आहे. रस्त्यावरच्या पाट्या हीही एक लिपीच आहे, आणि आपल्या बाराखडीपेक्षा सोपी. त्रिकोणी पाटी सावध करते. पुढे वळण आहे, पुढे शाळा आहे, जपून. लाल कडेची गोल पाटी म्हणजे मनाई. इथे शिरू नका, भोंगा वाजवू नका. निळी चौकोनी पाटी माहिती देते. दवाखाना, पेट्रोल. आकार ओळखला की अर्धे उत्तर हाती आले. राहिलेले अर्धे अक्कलहुशारीचे. घाटात समोरासमोर दोन गाड्या आल्या, तर वाट कुणाला द्यायची? वर चढणाऱ्याला. चढणारी गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलणे कठीण. कार्लेखिंडीत ज्याने भरलेली बैलगाडी चढवली असेल, त्याला हे पुस्तकात वाचायला नको.

प्रश्नाला ठरावीक वेळ असतो. म्हणून नुसते मनात वाचू नका. दोघे-दोघे बसा. एकाने प्रश्न मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. मग उलट. रोज दहा प्रश्न झाले तरी पुष्कळ.

आता माझी फजिती ऐका.

मैदानाच्या परीक्षेला मी पांढरा सदरा घालून गेलो. रांगेत माझे दोन जुने विद्यार्थी होते. त्यांनी वाकून नमस्कार केला. तिथेच माझे बिनसले. साहेब हातात कागद घेऊन शेजारी बसले. म्हणाले, "चला, काका." माझा डावा पाय क्लचवर होता. तो थरथरू लागला. मी त्याला मनात दटावले, अरे थांब! तो काही ऐकेना. क्लच सुटला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. मी घाईघाईने किल्ली फिरवली. गिअर तसाच होता. पुन्हा बेडूक. साहेब शांतपणे म्हणाले, "आठ दिवसांनी या."

दुसऱ्या वेळी गाडी नीट उचलली. पण हँडब्रेक ओढलेलाच होता. आरशात बघायचे विसरलो. वळताना इंडिकेटर दिला नाही. पुन्हा नापास. मी घरी पोहोचायच्या आधी बातमी गावात पोहोचली. गुरुजी पडले! चहाच्या टपरीवर मला बघून लोक एकदम गप्प व्हायचे. साठी उलटलेला माणूस, पण सांगायला लाज कसली, चार दिवस मी त्या बाजूने गेलो नाही.

कायद्यात या बाबतीत काय आहे तेही ऐका, कारण पुष्कळांना माहीत नसते. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा बसता येते. पण तीनदा नापास झालात, तर पुढे साठ दिवस थांबावे लागते. माझ्या दोन खेपा संपल्या होत्या.

एक दलालही भेटला. असली माणसे कुठेही भेटतात. म्हणाला, "गुरुजी, या वयात कशाला त्रास? मी करून देतो." मी म्हटले, "कागद तू आणून देशील बाबा, पण माझा पाय कोण आणून देणार?" रात्री आजारी माणूस मागे झोपलेला असताना हाच पाय थरथरणार होता ना?

मी टेम्पोवाल्याला म्हटले, "आता तूच सांग. मला गाडी येते. शाळेच्या मैदानावर मी सरळ नेतो, मागे घेतो. मग तिथेच काय होते?"

तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला गाडी एकट्याला येते. कुणी बघत असलं की येत नाही. म्हणजे ती अजून आली नाही."

छत्तीस वर्षांत हे मला कुणी सांगितले नव्हते. मीही कुणाला सांगितले नव्हते.

त्याने काय केले? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाक्यावरचे चार ड्रायव्हर मैदानाच्या कठड्यावर आणून बसवले. त्यांना सांगितले, गुरुजींकडे टक लावून बघा, हसा, बोला, काय वाटेल ते करा. एकाला वही-पेन्सिल देऊन माझ्या शेजारी बसवले आणि स्वतः मागच्या सीटवर बसला. त्या वहीवाल्याने एक शब्द बोलायचा नाही, नुसते खरडायचे. मला आधी रागच आला. पहिल्या दिवशी तीन बेडूक झाले. कठड्यावर हशा पिकला. चौथ्या दिवशी एक बेडूक. दहाव्या दिवशी गंमत झाली. पाय थरथरतच होता. पण गाडी चालली! थरथर गेली नव्हती. पायाला थरथरता थरथरता काम करायची सवय झाली होती.

भीती वाटली की आपले शरीर पळायच्या नाहीतर झुंजायच्या तयारीला लागते. छाती धडधडते, तोंड सुकते, हातपाय कापतात. अंगणात फुरसे निघाले तर ही तयारी उपयोगी. पण गाडीच्या सीटवरून पळणार कुठे? मग ती ताकद पायात थरथरत राहते. तिला दटावून ती जात नाही. श्वास मात्र आपल्या हातात असतो. घ्यायला जेवढा वेळ लागतो, त्याहून सोडायला जास्त वेळ लावा. गाडीत बसल्यावर असे पाच वेळा करा, मग किल्लीला हात लावा. आणि गाडी बंद पडलीच, तर घाई नको. ब्रेक, न्यूट्रल, किल्ली. एवढे तीनच शब्द मी तोंडाने म्हणत असे. तोंडाने म्हटले की हात पुढचे पुढचे करत नाही.

आता स्कूटरवाल्या बायांसाठी. तुम्हाला मैदानात आठ काढायला सांगतील. पाय जमिनीला टेकवायचा नाही. पण हा आठ इंग्रजी आहे, बरं का! आपण पाटीवर गिरवतो तो नव्हे. आपला आठ उघडा असतो. एक बाक दिला की संपला. इंग्रजी आठ म्हणजे दोन कड्या, एकीला चिकटून दुसरी. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. मागच्या वर्षी आपल्या वर्गातल्या एका भाऊंनी महिनाभर मराठी आठ गिरवला होता. आम्ही अक्षरे शिकवली, त्याचा हा परिणाम!

आठ काढताना पुढच्या चाकाकडे बघू नका. चाकाकडे बघितले की तोल गेलाच. जिकडे जायचे तिकडे नजर टाका, हात आपोआप वळतात. होडी खाडीच्या मुखातून बाहेर काढताना तांडेल नाळेखालच्या लाटेकडे बघतो का? तो पुढे, वाटेकडे बघतो. माडावर चढणाराही खाली बघत नाही. तुम्हाला हे मी काय सांगू!

सराव कुठे करायचा? पुष्कळजण ओहोटीला किनाऱ्यावर गाडी घालतात. माझे मत विचाराल तर नको. ओल्या वाळूत चाक रुतले की भरती कुणासाठी थांबत नाही. शिवाय वाळूत रेघ नाही, कड नाही. गाडी कुठेही गेली तरी बरोबरच वाटते. परीक्षेत रेघ असते. रस्त्यावर सराव करणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. तेव्हापासून मुंबईच्या गाड्या सरळ मांडव्याला उतरतात. चौल-रेवदंड्याचा रस्ता वाड्यांमधून जातो, अरुंद आहे. शिकाऊ माणसाने त्या गर्दीत शिरू नये.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जमले तर मैदान नुसते बघून या. कुठून आत जायचे, रांग कुठे, ते डोळ्यांखालून गेले की दुसऱ्या दिवशी जागा परकी वाटत नाही. ज्या गाडीवर शिकलात तीच न्या. शेजाऱ्याची नवी गाडी मिरवायला नेऊ नका. हेल्मेट विसरू नका. उपाशी जाऊ नका. सकाळी थोडी पेज तरी पोटात असू द्या. आणि कागद रात्रीच पिशवीत घाला. सकाळी कागद शोधताना जी घालमेल सुरू होते, ती मैदानापर्यंत सोबत येते.

तिसऱ्या खेपेला तेच साहेब होते. पाय थरथरला. मी श्वास सोडला, आरसा बघितला, हँडब्रेक उतरवला, इंडिकेटर दिला. गाडी निघाली. मागे घेताना एकदा बंद पडली. ब्रेक, न्यूट्रल, किल्ली. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिले. मी तिकडे बघितले नाही. नाक्यावरच्या वहीवाल्याने ती सवय मोडली होती. खाली उतरताना साहेब म्हणाले, "झालं, काका." पाच वर्षांचे लायसन मिळाले. आमच्या वयाला तेवढेच देतात.

परत येताना गाडी मी चालवली. तो शेजारी बसला होता. मी विचारले, "तुझं लायसन कसं झालं रे?" म्हणाला, "मीपण दोनदा पडलो, गुरुजी. मग नाक्यावर सगळ्यांसमोर चालवली." पोयनाडपर्यंत मी काही बोललो नाही. सातवीचे बोलावे असे फार मनात होते. पुढे समोरून ट्रक आला. तो म्हणाला, "गुरुजी, डावीकडे घ्या." मी डावीकडे घेतली.

तर बाई, उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर स्कूटर घेऊन या. बाकीचे तिघेही या. कबड्डीची फक्की शिल्लक आहे, तिने आठ मी आखून ठेवतो. कडेला नारळाची सोडणे लावू. आणि ज्यांना परीक्षा द्यायची नाही, त्यांनीही जरूर या. कठड्यावर बसायला माणसे हवी आहेत.