'हर-टू' तपासणी आणि आपले रुग्ण



आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्र आम्हास उमगते ते बिलांच्या वाटेने. स्तनाच्या कर्करोगाच्या बिलात 'हर-टू' तपासणी दिसली की नातेवाईक विचारतात, "गाठ कर्करोगाची ठरली, मग हा खर्च आणखी कशाला?"

हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन. त्याचा आतील भाग म्हणजे टायरोसिन कायनेज हे विकर. ते पेशीस वाढीचा संदेश देते. शंभरांतील सुमारे 15 ते 20 रुग्णांत हे प्रथिन प्रमाणाबाहेर असते व गाठ झपाट्याने वाढते. अमेरिकेत 1998 साली मान्यता मिळालेले ट्रॅस्टुझुमॅब त्यास बाहेरून अडवते, लॅपॅटिनिबची गोळी आतील विकरास रोखते. 2014 पासून भारतीय बनावटीचे ट्रॅस्टुझुमॅब मिळू लागले, किंमत उतरली. तरी वर्षभराचा उपचार सामान्य कुटुंबास जडच.

अहवालात तीनचा अंक आला तर ही औषधे लागू, शून्य वा एक आला तर नाहीत. दोन आला की 'फिश' ही दुसरी, महागडी तपासणी करावी लागते, आणि येथेच घोडे अडते. ओरोसहून बांबोळी किंवा मुंबई गाठण्यातच गाठीचे पैसे सरतात. औषधासाठी दाते भेटतात, तपासणीसाठी क्वचितच! विश्वस्तांनी 'फिश'साठी स्वतंत्र निधी ठेवावा, ही आमची विनंती.

नातेवाइकांनी तुकड्याच्या तपासणीचा मेणातील ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घ्यावा व अहवालासोबत न्यावा. पुढील तपासणी बहुधा त्यावरच होते. पुन्हा सुई टोचावी लागत नाही.