गळवाला गोळी की चीर?

जुन्या इंदुरात मांडीवर गळू उठलं, की आधी पोटीस, मग औषधाच्या दुकानातून सेफिक्झिमची पट्टी आणि ठणका सोसेनासा झाला की रात्री एम. वाय. रुग्णालयाची कॅज्युअल्टी, असा पुष्कळांचा क्रम. यातली मधली पायरी साफ चुकीची. गळू होतं ते बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूमुळे, आणि त्याच्यापुढे सेफिक्झिम दुबळं. शिवाय ते शेड्यूल एच-1 मधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं औषध: 1 मार्च 2014 पासून दुकानदाराला त्याच्या विक्रीची नोंद ठेवावी लागते. चिठ्ठी न मागणारा दुकानदार तुमच्यावर उपकार करत नसतो!

पू साचला की खरा उपचार म्हणजे चीर. बंद पोकळीत औषध नीट पोचतच नाही. मग चिरेनंतर गोळ्या हव्यात का? अमेरिकेतल्या पाच आपत्कालीन विभागांत हे तपासलं गेलं. 2016च्या निष्कर्षांनुसार चिरेनंतर सात दिवस को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक घेणारे 80.5 टक्के रुग्ण बरे झाले. औषध नसलेली नकली गोळी घेणारे 73.6 टक्के. फायदा आहे, पण मोठं काम चिरेनंच केलं.

सेल्युलायटिस या त्वचेच्या संसर्गाचं वेगळं. तिथे त्वचा लाल, गरम होते, पू साचलेला नसतो. म्हणून मुख्य भिस्त अँटिबायोटिकवर. साध्या दुखण्यात सुधारणा दिसत असेल तर बहुधा पाच दिवस पुरतात. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवा. लाली रेघेबाहेर झपाट्याने सरकली, ताप आला किंवा वेदना फारच वाढल्या, तर थेट रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर एवढीही वाट पाहू नका.