श्वासोच्छ्वास हाही प्राणच



जैन दर्शनाने जीवाचे दहा प्राण सांगितले आहेत : पाच इंद्रिये, मन-वचन-काय ही तीन बळे, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास. प्रमादाने यांपैकी कोणत्याही प्राणाला बाधा पोचवणे ही हिंसा होय. या कसोटीवर पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या तोंडाच्या श्वानांची अवस्था पाहणे अगत्याचे आहे.

माणसाने केवळ हौसेखातर पिढ्यान्‌पिढ्या निवड करून या श्वानांचा चेहरा आखूड केला. कवटी आखूड झाली. आतील मांसल भाग मात्र त्या प्रमाणात घटला नाही. नाकपुड्या चिंचोळ्या झाल्या आणि मऊ टाळू लांब राहून स्वरयंत्राच्या वाटेत येऊ लागला. काहींची श्वासनलिकाही अरुंद असते. श्वान मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो. हा मार्गच अडला की उन्हाळ्यात उष्माघाताने प्राणावर बेतते. घरातील मंडळी ज्याला कौतुकाने घोरणे म्हणतात, ती अनेकदा श्वासासाठी चाललेली धडपड असते.

यावर उपाय आहेत. प्रथम वजन आटोक्यात ठेवावे, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा, भर उन्हात फिरवू नये. त्रास अधिक असल्यास पशुशल्यचिकित्सक नाकपुड्या रुंद करतात व टाळूचा वाढीव भाग काढतात. भूल उतरताना आणि नंतर सूज येण्याचा धोका असल्याने कडक देखरेख लागते. स्वरयंत्र खचण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाल्यास लाभ अधिक होतो. तथापि श्वास पूर्णपणे निर्दोष होतोच असे नाही.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत छविच्छेद, म्हणजे अवयव छेदणे, हाही एक आहे. मग शस्त्रक्रिया हा दोष ठरेल काय? नाही. अतिचाराच्या मुळाशी कषाय असतो. येथे करुणा आहे. जीवाचा अडलेला प्राण मोकळा करणारी शस्त्रक्रिया ही अनुकंपाच होय.

परंतु खरा प्रश्न त्याआधीचा आहे. एका श्वानावर शस्त्रक्रिया होते, तोवर बाजारातील मागणीमुळे तशीच दहा पिल्ले जन्माला घातली जातात. त्यांची आनुवंशिक रचना शस्त्रक्रियेने बदलत नाही. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून, ज्यांच्या नाकाडाची लांबी कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून कमी आहे, अशा श्वानांच्या प्रजननास मनाई आहे. भारतातही श्वानप्रजनन व विक्रीसंबंधी २०१७ चे नियम आहेत. मात्र श्रावकाला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्ही प्रकारांनी हिंसेचा त्याग त्याला सांगितला आहे, आणि असे पिल्लू विकत घेणे ही अनुमोदनाच ठरते.

१८३४ साली मुंबईत पांजरापोळ उभी राहिली, ती निराधार जीवांना आश्रय देण्यासाठी. तोच वारसा घराघरांत चालू शकतो. घरी असा श्वान असेल, तर त्याच्यावर वेळीच उपचार व्हावेत. नवा आणायचा असेल, तर रस्त्यावरील देशी पिल्लाला आसरा मिळावा. ज्या जीवाला मोकळा श्वास लाभतो, त्याच्या रूपाने अभयदानच घडते.

जय जिनेंद्र.