डॉक्टरांचा दरारा आणि रोग्याचे हित



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने डॉक्टरांविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. आम्ही दहावीपुढे शाळेची पायरी चढलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत. परंतु रुग्णालयांतील आया, वॉर्डबॉय व सफाई कामगार यांच्यात आम्ही पुष्कळ वर्षे काम करीत आहोत. आपण डॉक्टरांना खाटेवरून पाहता. आम्ही त्यांना जिन्याखालून पाहिले आहे. वैद्यकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. कामाच्या रीती हा आमचा विषय, आणि तेवढ्यापुरतेच आज बोलणार आहोत.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतो. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने कितीतरी अधिक बायका मरत. विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींना तपासतात, हे सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरच्या ध्यानात आले. १८४७ साली त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला आणि मृत्यू झपाट्याने घटले. जंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते, त्यामुळे कारणाचा उलगडा त्याला नीट करता आला नाही हे खरे. पण आकडे समोर होते. तरीही अनेक नामांकित डॉक्टरांनी ते मानले नाही. रोग आपल्याच हातून जातो, हे कबूल करणे त्यांच्या प्रतिष्ठेला झेपले नाही. १८४९ साली त्याची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. तिथे विद्वत्तेची वाण नव्हती. चूक ऐकून घेण्याची सवय नव्हती.

दुसरी रीत जागरणाची. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, १८८९ नंतरच्या काळात, हॉल्स्टेड या थोर शल्यविशारदाने तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच ठेवून शिकवण्याचा पायंडा पाडला. ‘निवासी’ हा शब्द त्यातलाच. हा गृहस्थ स्वतः आधी कोकेनच्या व पुढे मॉर्फिनच्या आहारी गेला होता, हेही नमूद आहे. ज्याला झोप लागते तो कच्चा, हा समज मात्र पक्का झाला. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले, की चोवीस तास जागा राहिलेला माणूस हातचे काम दारू प्यालेल्या माणसासारखे करतो. प्यालेल्या ड्रायव्हरच्या एस.टी.त आपण बसणार नाही. जागरणाने झिंगलेल्या डॉक्टरपुढे मात्र निमूटपणे दंड पुढे करतो.

आपल्या देशात १९९२ साली केंद्र सरकारने ठरवून दिले होते, की निवासी डॉक्टरांना सामान्यतः सलग बारा तासांहून अधिक व आठवड्यास ४८ तासांहून अधिक काम नसावे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली ती आठवड्यास ७४ तासांहून अधिक नको अशी. बत्तीस वर्षांत कागदावरचा आकडा वाढला, आणि तेवढा पाळला गेला तरी मोठा दिलासा ठरेल! त्याच कृतिदलाच्या पाहणीत उत्तरे देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगाराला १८९० साली आठवड्याची सुटी मिळाली. शिकाऊ डॉक्टरला ती अजून मागावी लागते.

यावर वडीलधारे डॉक्टर म्हणतात, की पाळ्या बदलल्या की रोग्याची माहिती हातोहात सांडते. हा आक्षेप खोटा नाही. अमेरिकेत मुलांच्या अतिदक्षता विभागांत पाळ्या लहान करून पाहिल्या. २०२० साली निष्कर्ष आला, की चुका उलट वाढल्या. पण बारकाईने पाहता, जिथे एकेका डॉक्टरच्या वाट्याला अधिक रोगी आले, तिथे हे घडले होते. हे आमच्या ओळखीचे गणित आहे. तास कमी करायचे आणि दोन मागांऐवजी चार माग सांभाळायला लावायचे, याला सुधारणा म्हणत नाहीत. तास घटवायचे तर माणसे वाढवली पाहिजेत.

तिसरी रीत गप्प बसण्याची. एका रुग्णालयात, नाव सांगत नाही, आमच्या सभासद असलेल्या आयाबाईंनी पाहिले, की शस्त्रक्रियेला न्यायच्या रोग्याने पहाटे चहा-बिस्किटे खाल्ली आहेत. त्यांनी शिकाऊ डॉक्टरला सांगितले. मोठ्या साहेबांना सांगण्याचे त्याला धाडस होईना. अखेर परिचारिकेने तोंड उघडले व शस्त्रक्रिया पुढे ढकलली. रोगी वाचला; पण आयाबाईंना शाबासकी नव्हे, ‘तुला कोणी विचारले होते?’ हे ऐकावे लागले. पुढच्या वेळी त्या बोलतील काय?

यावर उपाय महाग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वी वाचायची एक यादी काढली. तीत सर्वांनी आपले नाव व काम सांगायचे असते, रोगी तोच आहे ना, शस्त्रक्रिया कोठे करायची, हे मोठ्याने विचारायचे असते. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरली, १.५ टक्के असलेले मृत्यूंचे प्रमाण ०.८ वर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. कागद तो केवढासा! पण त्यामुळे परिचारिकेला साहेबांना थांबवण्याचा हक्क मिळतो.

आता आपल्याविषयी. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि राज्यभर निवासी डॉक्टरांनी काम थांबवले. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. नातेवाइकांचे दुःख आम्ही जाणतो. पण त्यांच्या हाती सापडतो तो तिसाव्या तासाला उभा असलेला पोरगा. रिकाम्या जागा न भरणारे सापडत नाहीत. मालकाच्या पापासाठी बदली कामगाराला झोडपण्यासारखेच हे आहे.

शिस्त हवीच, शिस्तीवाचून ना गिरणी चालते ना रुग्णालय. परंतु शिस्त कामाची असते, दरारा माणसाचा असतो. म्हणून आपणा नागरिकांना आमची विनंती एवढीच, की डॉक्टरांना प्रश्न जरूर विचारा, हात उगारू नका. आणि मत मागायला येणाऱ्याला विचारा, आमच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, आणि त्या केव्हा भरणार? तो आकडा प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर लिहिलेला असावा, अशी मागणी या सभेने करावी, एवढे सुचवून आम्ही आपली रजा घेतो.